व्हिटॅमिनच्या गोळ्या: कोणती कधी, कशाबरोबर आणि कुठे थांबायचं

"तू कुठल्या गोळ्या घेतेस, नाव पाठव ना" असा मेसेज मला अधूनमधून येतच असतो, कधी नणंदेचा, कधी सोसायटीतल्या कुणाचा, आणि मी आधी तुझा रिपोर्ट पाठव म्हटलं की समोरचीला वाटतं ही भाव खातेय. अगं पण नावात काही नाहीये. केमिस्टकडे बी-१२ च्या नाहीतर कॅल्शियमच्या म्हणून ज्या दहा कंपन्यांच्या गोळ्या असतात त्यात आतला माल बहुतेक तोच असतो. फरक पडतो तो तुम्हाला ती लागते का, कशाबरोबर घेताय आणि किती दिवस, यानं. आमच्या घरी मी, नवरा आणि सासूबाई तिघांच्या गोळ्या वेगळ्या, कारणं वेगळी, आणि वेळा सांभाळायचं काम माझ्याकडे, त्यामुळे काही वर्षांत जे कळलं ते लिहिते. मी डॉक्टर नाही, डोस तुमचा डॉक्टर ठरवेल, पण डॉक्टरच्या केबिनमध्ये मिळणाऱ्या पाच मिनिटांत जे सांगायचं राहून जातं ते इथे आहे.

सुरुवात रक्तापासून करायची, गोळीपासून नाही. थकवा येतो, केस गळतात, पाय दुखतात ही लक्षणं लोह कमी असलं तरी असतात, बी-१२ कमी असलं तरी, डी कमी असलं तरी आणि थायरॉइड बिघडलं तरी, मग अंदाजाने काय घेणार? डॉक्टरला विचारून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), बी-१२, व्हिटॅमिन डी (रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी असं काहीतरी लिहिलेलं असतं) आणि फेरिटिन एवढं करून घ्या, जोडीला थायरॉइडसाठी टीएसएच. ते सत्तर-ऐंशी टेस्टचं पॅकेज स्वस्तात म्हणून जाहिरात येते ना, त्यात सीबीसीच्याच रिपोर्टमधल्या सगळ्या ओळी वेगवेगळ्या टेस्ट म्हणून मोजलेल्या असतात, आकडा फुगतो. घ्यायचं तर घ्या पण त्यात फेरिटिन आहे का ते आधी बघा. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना हा साठा तळाला गेलेला असू शकतो. आणि ताप, सर्दी, इन्फेक्शन असताना फेरिटिन करू नका, त्या वेळी ते उगाच वाढलेलं दिसतं.

अजून एक, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमीज चालू असतील तर टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला पण सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, म्हणजे तुमचं थायरॉइड मस्त चाललेलं असतं आणि कागद म्हणतो बिघडलंय. बी-१२ ची टेस्ट करायची असेल तर ती गोळी सुरू करायच्या आधी करा, एकदा गोळ्या सुरू झाल्या की आकडा वर जातो आणि मुळात कमी होतं का तेच कळत नाही.

आता बी-१२. हे आपल्याकडचं खरं दुखणं आहे कारण वरण-भात-भाजी-पोळीत ते नसतंच, ते मिळतं दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण यातून. शाकाहारी घरात दिवसभरात चहापुरतं दूध आणि जेवताना दोन चमचे ताक एवढंच होत असेल तर पुरत नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त आयांचं बी-१२ कमी निघालं, आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट (म्हणजे फॉलिकच) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) जास्त दिसला. म्हणून नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आपल्या मनाने खात बसू नका. फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलेलं दिसतं पण बी-१२ कमी असेल तर नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. (गरोदर असाल किंवा व्हायचा विचार असेल तर फॉलिक हवंच, ते डॉक्टर देतातच, मुद्दा एवढाच की बी-१२ पण बघून घ्या.)

रिपोर्टमध्ये साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० म्हणजे काठावर, तिथे लक्षणं बघून डॉक्टर ठरवतात. माझ्या तळपायाला मुंग्या यायच्या, जीभ सोलल्यासारखी व्हायची, तिखट लागलं की आग. नवऱ्याचं प्रकरण वेगळं, तो अंडी-मासे सगळं खातो, तरी त्याचं कमी निघालं कारण डायबेटिससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू आहे आणि मेटफॉर्मिन बी-१२ शोषू देत नाही. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज सकाळी खाणाऱ्यांचं पण तेच होतं. घरात कुणी या दोनपैकी काही घेत असेल तर त्यांचं बी-१२ दरवर्षी बघायला सांगा.

गोळी का इंजेक्शन हा प्रश्न सगळ्यांना पडतो. आकडा फारच कमी असेल किंवा मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टर आधी ती लाल रंगाची इंजेक्शनं देतात, नाहीतर मोठ्या डोसच्या गोळीने पण भागतं, मोठ्या डोसमधला थोडासा हिस्सा आतड्यातून तसाही आत जातो. ही गोळी उपाशीपोटी का जेवून याने फार फरक पडत नाही, मी नाश्त्यानंतर घेते कारण तेव्हा आठवण राहते. शेवाळ्याच्या पावडरी, स्पिरुलिना वगैरे बी-१२ म्हणून विकतात, त्यातला जो प्रकार आहे तो माणसाच्या शरीराला उपयोगाचा नसतो. इडली-डोसा आंबवल्याने बी-१२ मिळतं हा पण असाच फिरणारा मेसेज, त्याच्यावर विसंबू नका.

इथे एक गोष्ट मात्र लक्ष देऊन वाचा. केमिस्टकडे जाऊन "मुंग्यांवरची बी-१२ ची गोळी द्या" म्हटलं की कधी कधी जी गोळी हातात येते तिच्यावर मिथाइलकोबालामिनच्या (म्हणजे बी-१२ च्या) शेजारी बारीक अक्षरात प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन लिहिलेलं असतं. ते व्हिटॅमिन नाही, ते नसांच्या दुखण्यावरचं औषध आहे, त्याने गुंगी येते, चक्कर येते, म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठताना पडतात. डॉक्टरने लिहून दिलं असेल तर घ्या आणि तेही एकदम बंद करू नका, पण शेजारणीला सूट झाली म्हणून आणायची ही गोळी नव्हे. पाकीट हातात आल्यावर मागची बाजू वाचायची, चष्मा लावून.

व्हिटॅमिन डी. पुण्या-मुंबईत एवढं ऊन असून डी कमी कसं, तर आपण उन्हात असतोच कुठे, आणि गाडीच्या किंवा गॅलरीच्या काचेतून येणारं ऊन यात मोजायचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं पण डी बनायला सूर्य वर लागतो, साधारण अकरा ते तीनच्या मधला, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी पडते ती वेळ. नोकरी करणाऱ्या बाईने ते कधी करायचं हे कुणी सांगत नाही. रिपोर्टमध्ये २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, २० ते ३० म्हणजे अपुरं. त्यावर आपल्याकडे सर्रास ६०,००० युनिटची पावडरची पुडी किंवा कॅप्सूल देतात, आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, आणि मग डॉक्टर म्हणतील तसं महिन्यातून एक.

आठवड्यातून एक. हे मी मुद्दाम दोनदा लिहितेय कारण चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं, केमिस्ट घाईत बोलतो, आणि घरी म्हातारं माणूस बाकीच्या गोळ्यांसारखी ही पण रोज घ्यायला लागतं. डी शरीरात साठतं, जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही, मग रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, आणि पुढे किडनीला त्रास. उपाय अगदी घरगुती आहे, कालनिर्णयवर त्या-त्या तारखेला पेनने "डी" लिहून ठेवायचं आणि घेतली की गोल करायचा. आमच्याकडे वार ठरवताना सासूबाई म्हणाल्या गुरुवार नको, माझा उपास असतो. आता डी चरबीबरोबर शोषलं जातं म्हणून भरल्या पोटी घ्यायचं असतं हे खरं, पण त्यांच्या साबुदाणा खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट एवढं असतं की डी ला त्याहून चांगली सोबत मिळणार नाही! तरी रविवार ठरला, रविवारी दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र असतं, विसरायला होत नाही. पुडी असेल तर कपभर साय असलेल्या दुधात ढवळून घ्या, स्किम्ड दुधात नको.

लोहावर सगळ्यात जास्त लिहायचंय कारण सगळ्यात जास्त वाया ही गोळी जाते. लोहाचा शत्रू म्हणजे आपला चहा. जेवलं की चहा, नाश्त्याबरोबर चहा, पाहुणे आले की चहा, आणि त्याच्याच आगेमागे लोहाची गोळी घेतली की चहातली टॅनिन्स ते लोह धरून ठेवतात आणि बरंचसं बाहेर निघून जातं. मग बाई म्हणते महिनाभर गोळ्या खाल्ल्या तरी हिमोग्लोबिन हललं नाही. गोळीच्या आधी-नंतर किमान तासभर चहा-कॉफी नाही, दोन तास असेल तर उत्तम. दूध, दही, कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर पण नाही. उलट लिंबूपाणी, आवळा, पेरू, संत्र यांच्याबरोबर घेतली तर सी व्हिटॅमिनमुळे लोह चांगलं आत जातं. मी नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्या मधोमध, साडेअकराच्या आसपास, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेते. रिकाम्या पोटी कुणाला मळमळतं, त्यांनी थोडं खाऊन घ्यावी, शोषण जरा कमी होईल पण गोळी बंद करण्यापेक्षा ते बरं.

शी काळी होणार, घाबरू नका, ते लोहच आहे. (पण गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट झाली तर लगेच डॉक्टर.) बद्धकोष्ठता होते, त्यासाठी पाणी वाढवा, भिजवलेले काळे मनुके खा, आणि तरी जमत नसेल तर डॉक्टरला एक दिवसाआड चालेल का विचारा. काही अभ्यासांत एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं गेल्याचं दिसलंय, कारण मोठा डोस गेला की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पुढचा दिवसभर नव्या लोहाला दार बंद करतं. म्हणजे "लवकर बरं व्हायचंय" म्हणून दिवसाला दोन-दोन खाऊन पोट बिघडवण्यात अर्थ नाही.

हिमोग्लोबिन बायकांना १२ च्या वर हवं, गरोदरपणात ११, पुरुषांना १३. ते वर आलं की लगेच गोळ्या सोडू नका, साठा भरायला त्यानंतर पण दोन-तीन महिने जातात. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे मिळणाऱ्या लाल गोळ्यांना नाक मुरडायचं काही कारण नाही, त्यात ६० एमजी लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, गरोदर बाईला रोज एक अशा १८० दिवस देतात, फुकट. शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा मिळते ती गुलाबी किंवा निळी.

पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर नुसती गोळी खाऊन गप्प बसायचं नाही. रक्त कुठून जातंय, मूळव्याध, अल्सर की अजून काही, ते शोधायला हवं. आणि हिमोग्लोबिन कमी, सीबीसीमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) कमी पण फेरिटिन चांगलं, असं असेल तर थॅलेसेमिया मायनर हा आई-वडिलांकडून आलेला रक्ताचा दोष असू शकतो, तिथे लोह घेऊन उपयोग नाही. लोखंडी कढई-तव्याचं म्हणाल तर हो, कोकम-चिंच घातलेली आमटी त्यात केली की लोह उतरतं, पण खूप कमी असलेलं फेरिटिन कढईने भरत नाही.

कॅल्शियम आमच्याकडे फक्त सासूबाईंना. पाकिटावर मोठ्या अक्षरात कॅल्शियम कार्बोनेट १२५० एमजी असतं, तो आकडा बघून जास्त वाटतं, खाली बारीक लिहिलेलं असतं की त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० एमजी. हा दुसरा आकडा धरायचा. शरीर एका वेळी साधारण ५०० च्या वर नीट घेत नाही, म्हणून दिवसाला दोन दिल्या असतील तर दोन वेगळ्या जेवणांना. कार्बोनेट जेवणाबरोबरच, त्याला पोटातलं अ‍ॅसिड लागतं, सिट्रेट असेल तर रिकाम्या पोटी पण चालतं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० एमजी लागतं, ते जेवणातूनही येतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात तर हजाराच्या वर (अर्थात १०० ग्रॅम तीळ कोण खातंय), शिवाय दूध, दही. त्यामुळे जेवण बघून उरलेलंच गोळीने भरायचं. मुतखडा होऊन गेला असेल तर न विचारता हात लावायचा नाही.

खरी कसरत थायरॉइडची. सासूबाई उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याने घेतात, मग अर्धा-पाऊण तास चहा पण नाही (हा अर्धा तास घरात शांतता पाळायची असते), आणि कॅल्शियम किंवा लोह त्या गोळीपासून किमान चार तास लांब. नाहीतर थायरॉइडची गोळी शोषली जात नाही, टीएसएच वाढतं, डॉक्टर डोस वाढवतात आणि चूक वेळेची असते. म्हणून त्यांचं कॅल्शियम दुपारच्या जेवणाला. असंच डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक्स चालू असतील तेव्हा कॅल्शियम, लोह, झिंक यांचं अंतर किती ठेवायचं ते विचारा, माझं तर सरळ म्हणणं की ते पाच-सात दिवस कॅल्शियम-लोहाची गोळी बंद ठेवू का असं डॉक्टरलाच विचारा. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असणाऱ्यांनी के व्हिटॅमिन असलेलं काहीही, मल्टिव्हिटॅमिन धरून, न विचारता सुरू करू नये.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल माझं मत फार चांगलं नाही. एकाच गोळीत लोह, कॅल्शियम, झिंक सगळं कोंबलेलं, ते एकमेकांना अडवतात, आणि ज्याची तुम्हाला खरी कमतरता आहे त्याचा डोस त्यात नावालाच. बीकोसूल्ससारखी बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, ते रायबोफ्लेविन आहे, काही बिघडलेलं नाही. २०२० मध्ये करोनाच्या वेळी लिमसी (सी व्हिटॅमिन) आणि झिंकोविट (झिंक असलेलं मल्टिव्हिटॅमिन) यांच्यासाठी केमिस्टच्या दारात रांगा होत्या, तेव्हापासून काही घरांत ती सवय राहिलीच आहे. झिंक महिनोन्महिने मोठ्या डोसने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, बी-६ जास्त झालं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात, म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं तेच मागे लागतं. गरोदर बाईने व्हिटॅमिन ए चे मोठे डोस घेऊच नयेत, बाळाला धोका असतो.

ऑनलाइन मागवताना डब्यावर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १४ आकडी नंबर आणि "हेल्थ सप्लिमेंट, औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत दिसलं की समजायचं हे कायद्याने खाद्यपदार्थात मोडतं, कमतरतेवरचं औषध म्हणून नाही. कमतरता रिपोर्टमध्ये आली असेल तर केमिस्टकडची औषध म्हणून मिळणारी गोळीच घ्या, जनऔषधी केंद्रात तीच बऱ्यापैकी स्वस्त पडते. गमीजमध्ये साखर असते आणि मुलं त्या खाऊ समजून खातात.

सुरू करतानाच संपायची तारीख ठरवा. डॉक्टरला विचारायचं, परत टेस्ट कधी? साधारण तीन महिन्यांनी करतात. माझं लोह साठा भरल्यावर बंद झालं होतं, पाळी जड म्हणून पुन्हा खाली गेलं तेव्हा परत सुरू केलं, नवऱ्याची बी-१२ मात्र मेटफॉर्मिन आहे तोवर चालूच राहणार, तिला शेवटची तारीख नाही. दवाखान्यात जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक, टीव्हीवर बघून आणलेली पावडर, सगळं, लाजू नका.

ठेवायचं म्हणाल तर गॅसच्या वरच्या फडताळात नको, उष्णता आणि वाफ लागते, पावसाळ्यात तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या नळीतच फुगतात. लहान मुलं असतील तर लोहाच्या गोळ्या कुलपात, त्या दिसतात जेम्ससारख्या आणि मूठभर पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं, असं झालं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि स्ट्रिप कापताना एक्स्पायरी ज्या टोकाला छापलीय त्याच्या उलट्या टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख वाचता येते.